एखादा निकाल यायचा आहे का?

माझं पित्ताशय फेब्रुवारीच्या नऊ तारखेला काढलं. दुर्बिणीतून. पोटाला चार भोकं पडली, त्यातलं सगळ्यात मोठं बोटाच्या पेराएवढं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी होतो. आमच्या ब्रिडलिंग्टनमध्ये, इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या या लहानशा गावात, हे ऑपरेशन झालेली माणसं गल्लीगणिक दोन-तीन तरी सापडतील आणि त्यातल्या कुणीही त्याचा बोभाटा केलेला नाही. मी मात्र लढाईवरून परतल्यासारखा वागलो. दार उघडायला उठलो की भिंतीला हात लावायचो. चहाचा कप उचलताना डोळे मिटायचो. हिरवळीवर गोळे घरंगळवत खेळणाऱ्या म्हाताऱ्यांचा आमचा एक क्लब आहे. तिथं तिसऱ्याच आठवड्यात मी सदरा वर करून सगळ्यांना भोकं दाखवली.

"चार?" विल्फ म्हणाला. "आमच्या मांजरीला सहा टाके पडले होते."

विल्फ माझा चाळीस वर्षांचा मित्र. पूर्वी मासळीबाजारात लिलाव पुकारायचा. त्याला हळू बोलता येत नाही.

मी एडविन हार्डकॅसल. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली, लोकांच्या ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्या. मांडीवर पाटी, पाटीवर कागद, हातात पेन आणि शेजारी घामाघूम झालेला एखादा जीव. आरशात बघितलं नाही, फुली. चौकात जास्त वेळ थांबला, फुली. अर्ध्या गावाला मी कधी ना कधी नापास केलेलं आहे. त्यामुळे दुकानात मला नेहमी मोड आलेले बटाटेच मिळतात, असं माझी बायको ग्लेनिस म्हणते. माझ्या मते तो योगायोग आहे.

तर ऑपरेशननंतर हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या मी एक पराक्रम केला. भुलीचा अंमल पूर्ण उतरला नव्हता आणि तशात माणूस फार उदार होतो. ग्लेनिस शेजारी बसून लोकर विणत होती. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "आपण मदेइराला जाऊ."

पंचवीस वर्षं ती मदेइरा, मदेइरा करत होती. भर समुद्रातलं पोर्तुगीजांचं बेट, बाराही महिने फुलं, डोंगरउतारावर बागाच बागा. ग्लेनिसचा जीव झाडांत. आमच्या मागच्या अंगणातल्या चार फुटांच्या वाफ्यात तिनं जे काय काय उगवून दाखवलंय ते बघून लोक कुंपणाशी थांबतात. दरवर्षी ती विषय काढायची आणि दरवर्षी मी म्हणायचो, "कशाला? समुद्र आपल्याला दारात आहे."

"समुद्र आहे," ती म्हणायची, "पण त्याच्याकडे बघायला दोन स्वेटर घालावे लागतात."

त्या दिवशी मात्र मी खाटेवरूनच फोनवर तिकिटं काढली. चौदा मे, दोन आठवडे. शुद्धीवर असतो तर एकच आठवडा काढला असता. ग्लेनिसनं विणकाम खाली ठेवलं आणि नर्सला विचारलं, "यांना नक्की कसलं इंजेक्शन दिलंय? घरी न्यायला थोडं मिळेल का?"

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं. ग्लेनिस वरती आंघोळ करत होती. दाराच्या फटीतून पाकीट पायपुसण्यावर पडलं, मी ते तिथंच उभ्यानं फोडलं. हॉस्पिटलचं होतं. ऑपरेशनच्या आधी काढलेलं स्कॅन पुन्हा तपासताना उजव्या फुप्फुसाच्या तळाशी एक छोटा डाग दिसला आहे, बहुधा काळजीचं कारण नसावं, तरी खात्रीसाठी तीन एप्रिलला छातीचं स्कॅन करून घ्यावं.

शहाण्या माणसानं हे पत्र बायकोला दाखवलं असतं. मी ते बाहेर जाऊन गाडीत लपवलं. डॅशबोर्डच्या कप्प्यात गाडीची माहितीपुस्तिका असते, तिच्यात, गिअरबॉक्सच्या पानात. ग्लेनिस त्या कप्प्याला हात लावत नाही. ती गाडीच चालवत नाही. लग्नानंतर मी तिला अकरा दिवस गाडी शिकवली होती. बाराव्या दिवशी ती भर रस्त्यात इंजिन बंद करून उतरली आणि बसनं घरी आली.

मग मी हॉस्पिटलला फोन केला आणि तीन एप्रिलची तारीख रद्द करून टाकली. कारण सांगितलं, त्या दिवशी क्लबात माझा सामना आहे. फोनवरची मुलगी म्हणाली, "नवी तारीख देऊ?" मी म्हणालो, "मी कळवतो."

एवढी वर्षं परीक्षा घेतल्यामुळे एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. परीक्षेला बसलाच नाही, त्याला कुणी नापास करू शकत नाही.

बाहेरून मी असा निश्चिंत आणि आतून मेलेला होतो. पुढचे पाच-सहा आठवडे मी मनातल्या मनात स्वतःची अंत्ययात्रा बसवत होतो. कोण रडेल, कोण नुसतं नाक पुसेल, विल्फला भाषण करू द्यायचं नाही, कोटाच्या बाह्या झिजल्यात तेव्हा निळा सूट घालावा की तपकिरी. मरणाच्या दारात माणूस सज्जन होतो म्हणून मी सज्जनही झालो. न सांगता भांडी घासायला लागलो. ग्लेनिसच्या बहिणीचा फोन आला की आपणहून दोन शब्द बोलायला लागलो.

"काय केलंयस तू?" ग्लेनिसनं चौथ्या दिवशी विचारलं. "गाडी ठोकलीस?"

एप्रिल उजाडला आणि ग्लेनिस म्हणाली, "प्रवासाचा विमा घ्यायचा राहिलाय. ऑपरेशन झालंय तुझं, नीट बघून घे."

मी कॉम्प्युटरसमोर बसलो. पहिल्याच कंपनीच्या अर्जानं विचारलं, गेल्या वर्षभरात शस्त्रक्रिया झाली आहे का? हो. कसली? पित्ताशय. त्रास पूर्ण गेला का? हो. इथवर मी मजेत होतो, आजार सांगायला मला मनापासून आवडतं. एवढंच का विचारतात म्हणून जरा खट्टूही झालो. आणि मग पुढचं पान उघडलं. त्यावर एकटाच प्रश्न होता. *तुमची कोणतीही तपासणी व्हायची आहे का, किंवा एखादा निकाल यायचा आहे का?*

खाली दोन चौकोन. हो. नाही.

मी कॉम्प्युटर बंद केला आणि ग्लेनिसला म्हणालो, "इंटरनेट गेलं."

दुसऱ्या दिवशी फोन करून पाहिला. पंचवीस मिनिटं बासरी ऐकवल्यावर एक नम्र पोरगा आला. त्यानं वय, वजन, उंची, सगळं विचारलं आणि शेवटी तोच प्रश्न. मी फोन ठेवला. ग्लेनिसनं स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "लाइन कटली." त्या आठवड्यात आमच्या घरी पाच वेळा लाइन कटली. प्रत्येक कंपनीचे बाकीचे प्रश्न वेगवेगळे होते, हा एक मात्र सगळ्यांनी एकमेकांचा बघून उतरवल्यासारखा.

शेवटी मी विल्फला विचारलं. स्कॅनचं नाही, नुसतंच मोघम. "समजा, एखाद्या माणसाला काही सांगायचं नसेल तर?"

"मग सांगू नये!" विल्फ एवढ्या जोरात म्हणाला की पलीकडच्या हिरवळीवरच्या बायकांनी मान वळवली. "सगळ्याला नाही म्हणायचं. मी आठ वर्षं नाहीच म्हणतोय. रक्तदाब? नाही. साखर? नाही. गेल्या वर्षी तर माझा एक गुडघा त्यांच्या हिशेबी माझा नव्हताच."

"आणि काही झालं तर?"

"झालंय का काही?"

मी ठरवलं, नाही म्हणायचं. एक चौकोन, एक टिचकी. पण घरी गेलो तर ग्लेनिस कोट घालून दारात उभी. "तुझ्या त्या फोनचा नाद सोड. बेकरीशेजारी विम्याचं ऑफिस आहे ना, तिथं अकराची वेळ घेतलीय. समोरासमोर बसून लाइन कटत नाही."

ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि खिडकीत कुंडी. टेबलामागे पंचेचाळिशीची बाई होती. सोनेरी केस वर बांधलेले, चष्मा दोरीनं गळ्यात. तिनं ग्लेनिसशी हात मिळवला, मग माझ्याकडे बघितलं आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मिस्टर हार्डकॅसल," ती म्हणाली. "तुम्ही मला ओळखलं नसेल."

नव्हतं ओळखलं. पण त्या सुरातल्या थंडाव्यावरून अंदाज आला.

"मँडी लॉफ्टहाउस. तेव्हाची मँडी प्रॉक्टर. तुम्ही मला तीनदा नापास केलंत."

"तीनदा?" ग्लेनिस खुर्ची पुढे ओढत म्हणाली. तिला अचानक फार बरं वाटायला लागलं होतं. "कशाकशासाठी?"

"पहिल्यांदा चौकात गोंधळले. ते बरोबर होतं. दुसऱ्यांदा मागे घेताना चाक फुटपाथवर गेलं. तेही बरोबर. तिसऱ्यांदा मी एका समुद्रपक्ष्यासाठी थांबले."

"पक्ष्यासाठी?"

"रस्त्याच्या मधोमध बसून तो बटाट्याचे काप खात होता. तो उडेपर्यंत मी थांबले. यांनी लिहिलं, अनावश्यक संकोच."

ग्लेनिसनं माझ्याकडे बघितलं. मी कुंडीकडे.

"तो उडालाच असता," मी म्हणालो. "ते नेहमी उडतात."

"असू दे," मँडी म्हणाली आणि एक छापील अर्ज तिनं लाकडी पाटीला चिमट्यानं अडकवला. "आधी तुमचं करू, मिसेस हार्डकॅसल."

ग्लेनिसचं दोन मिनिटांत आटोपलं. गेल्या दहा वर्षांत तिला एकदा सर्दी झाली होती आणि तीही माझी. मग मँडीनं कागद उलटला, पेनचं टोक बाहेर काढलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तयार झालात की सांगा. घाई नाही."

हे माझंच वाक्य होतं. हजारो लोकांना मी ते ऐकवलं आणि त्यानं धीर येतो अशी माझी प्रामाणिक समजूत होती. धीर बिलकुल येत नाही. तळहातांना घाम येतो.

ऑपरेशन, तारीख, डॉक्टर, गोळ्या, सगळं झालं. मी नको तितक्या तपशिलात उत्तरं देत होतो. चार भोकांपैकी प्रत्येकाची जागा सांगितली. मँडी लिहीत गेली. आणि मग तिनं वर न बघता विचारलं, "एखादी तपासणी व्हायची आहे का? एखादा निकाल यायचा आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं लिहिलं. पेनचा आवाज मला ऐकू आला. पुढचे दोन-तीन प्रश्न काय होते ते मला आजही आठवत नाही. मग तिनं पाटी माझ्याकडे वळवली.

"इथं सही. वरचं सगळं खरं आहे म्हणून. आणि वाचून करा, मिस्टर हार्डकॅसल, कारण यातलं एक जरी खोटं निघालं तर बाकीचं सगळं रद्दी. तिथं पायाचं बोट जरी मोडलं ना, तरी हे लोक तुमचे कागद मागवतात. बिल मग मागे राहणाऱ्याच्या गळ्यात पडतं. मी पाहिलंय तसं. बायको परदेशात, भाषा येत नाही, आणि नवरा..." ती थांबली. "असो. सही करा."

मी पेन टेकवलं. एडविनचा 'ए' काढला. आणि हात तिथंच राहिला. मी आता थोरपणाचा आव आणत नाही. मला सत्य वगैरे आठवलं नव्हतं. मला दिसली ती ग्लेनिस, मदेइराच्या कुठल्यातरी हॉस्पिटलात, हातात माझी निळी पिशवी, कुणाला काय विचारावं ते न कळून उभी. आणि पिशवीत माझ्या झिजलेल्या सपाता.

"हो," मी म्हणालो.

"हो काय?" मँडीनं विचारलं.

"मघाचा प्रश्न. निकालाचा. त्याचं उत्तर हो आहे. म्हणजे निकाल नाही. तपासणीच व्हायची आहे."

खोलीत नुसता शेजारच्या बेकरीतला पावाचा वास उरला. मग ग्लेनिस म्हणाली, "कसली तपासणी?"

"छातीची. एक छोटा डाग आहे. बहुधा काही नसेल, असं त्यांनी लिहिलंय."

"लिहिलंय? कुठं लिहिलंय?"

"पत्रात."

"कुठलं पत्र?"

"गाडीतलं."

एकतीस वर्षं मी माणसांना शेजारून बघितलं, पण माणसाचा चेहरा असा हळूहळू बंद होताना कधी बघितला नव्हता. "कधी आलं?" तिनं विचारलं.

"मार्चमध्ये. तीन एप्रिलला बोलावलं होतं. मी तारीख रद्द केली."

"का?"

"सामना होता," मी म्हणालो. काही वाक्यं तोंडातून बाहेर पडल्यावरच किती मूर्खपणाची आहेत ते कळतं.

मँडीनं अर्जावर हळूच एक रेघ मारली. तिचा आवाज बदलला होता. "तपासणी होऊन निकाल येईपर्यंत मी ज्यांचे विमे देते त्यांतलं कुणीही यांना घेणार नाही, मिसेस हार्डकॅसल. यांचा अर्ज मी ठेवून देते. तुमचा चालू आहे."

"माझा असू दे," ग्लेनिस म्हणाली, उठली आणि बाहेर पडली.

घरापर्यंत ती माझ्यापुढे दहा पावलं चालत होती. मी हाका मारल्या नाहीत. किल्ली घेऊन ती थेट गाडीकडे गेली, कप्पा उघडला, गिअरबॉक्सचं पान सापडेपर्यंत पुस्तिका चाळली आणि पत्र तिथंच, गाडीच्या दारात उभ्यानं, दोनदा वाचलं.

"मी पोहायचा पोशाख घेतला," ती म्हणाली. "गेल्या मंगळवारी. तू बरोबर होतास. हिरवा घेऊ का जांभळा म्हणून मी विचारलं आणि तू म्हणालास, हिरवा. आणि हे तुझ्या पोटात होतं."

"छातीत," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

तीन दिवस ती माझ्याशी गरजेपुरतं बोलली. चहा झालाय. कचऱ्याची गाडी उद्या आहे. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याला उत्तर देता येतं. पण पहिल्याच दिवशी दुपारी तिनं हॉस्पिटलला फोन लावला. मी जिन्यात बसून ऐकत होतो. तिनं नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली आणि म्हणाली, "होय, ज्यांनी सामना होता म्हणून रद्द केली तेच. नाही हो, पदक वगैरे काही मिळालं नाही, पहिल्याच फेरीत हरले." अकरा मिनिटांत तिला सव्वीस एप्रिलची तारीख मिळाली. मला पाच-सहा आठवड्यांत न जमलेलं काम.

सव्वीसला आम्ही बरोबर गेलो. स्कॅनच्या यंत्रात मी चार मिनिटं होतो. ज्याला घाबरून एवढं रामायण केलं ते चार मिनिटांचं, आणि त्यातलं एक मिनिट बूट काढण्यात गेलं. बाहेर आलो तर ग्लेनिस माझा कोट मांडीवर घेऊन बसली होती. निकाल तीन-चार आठवड्यांत पोस्टानं येईल असं त्यांनी सांगितलं. आम्ही दोघांनीही बोटांवर मोजलं. चौदा मे त्याच्या अलीकडेच पडत होती.

त्या संध्याकाळी तिनं तोंड उघडलं. "तिकिटं रद्द करून टाकू."

"तू जा," मी म्हणालो. "नेरिसला घेऊन जा. तिकिटावरचं नाव बदलून देतात, मी विचारलंय."

नेरिस तिची धाकटी बहीण. वेल्समध्ये असते, माझ्याविषयी तिचं मत पहिल्यापासून वाईट आहे.

"आता संत होऊ नकोस," ग्लेनिस म्हणाली. "शोभत नाही तुला."

"संत नाही. तुझा विमा झालाय, पोशाख घेऊन झालाय. आणि मी बरोबर असलो तर तुला दिवसभर माझी नाडी बघत बसावं लागेल."

ती खिडकीतून आपल्या वाफ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "तू ते पत्र घेऊन एकटा बसलास ना इतके दिवस? मग दोन आठवडे अजून बसशील. पण एक सांगून ठेवते, एडविन. निकालाचं पाकीट आलं की एकट्यानं फोडायचं नाही. फोडलंस तर मी तिकडंच राहीन आणि एखाद्या माळ्याशी लग्न करीन."

"कबूल."

"गाडीत ठेवायचं नाही."

"नाही."

"शपथ?"

मी शपथ घेतली. तिला ती पुरेशी वाटली नाही, म्हणून तिनं विल्फलाही बजावून ठेवलं. त्याचा अर्थ असा, की दुसऱ्या दिवशी सगळ्या क्लबला कळलं. आश्चर्य म्हणजे कुणी थट्टा केली नाही. एकानं आपल्या मूत्रपिंडाचं सांगितलं, दुसऱ्यानं बायकोच्या गाठीचं. दहा वर्षं आम्ही एकत्र गोळे घरंगळवत होतो आणि एकमेकांच्या गुडघ्यांपलीकडे काही माहीत नव्हतं. विल्फ बोटांवर काहीतरी मोजत बसला. मला वाटतं, आपले आठ वर्षांचे 'नाही'.

चौदा तारखेला दोघी बहिणी गेल्या. नेरिसनं निघताना मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "गाढव आहेस तू." तिच्याकडून मिळालेलं ते पहिलंच प्रेमाचं वाक्य.

मी एकटा राहिलो. टोस्ट आणि डब्यातले वाटाणे. रोज दुपारी चार वाजता ग्लेनिसचा फोन. आज अमुक बाग, आज तमुक बाग, माणसाच्या डोक्याएवढी फुलं, आणि रस्त्याच्या कडेला, एडविन, नुसत्या कडेला, कुणी न लावता! आणि प्रत्येक फोनच्या शेवटी एकच प्रश्न, "आलं?" मी म्हणायचो, "नाही." आणि खरोखरच आलेलं नसायचं.

बावीस मेला सकाळी साडेनऊला आलं.

पाकीट पायपुसण्यावर पडलेलं मी जिन्यावरूनच ओळखलं. उचललं, किटलीला टेकवून उभं केलं आणि समोर बसलो. फोन लावला तर लागेना, दोघी डोंगरात कुठंतरी होत्या. साडेनऊ ते चार म्हणजे साडेसहा तास. मी दोनदा ते उजेडासमोर धरलं, ते मी इथं कबूल करतो. वाफेवरही धरून बघणार होतो, किटली हाताशीच होती. मग स्वतःचीच लाज वाटली आणि मी तिच्या वाफ्याला पाणी घालायला गेलो. त्या दिवशी त्या झाडांना तीनदा पाणी मिळालं.

चारला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला.

"आलं?"

"आलं. समोर आहे."

मग ती कुणाला तरी म्हणाली, "नेरिस, ती खुर्ची दे." आणि मला, "फोड. आणि पहिल्या ओळीपासून वाच. मधलं काही गाळायचं नाही."

घाईघाईत पाकिटाबरोबर कागदाचाही कोपरा फाटला. मी वाचायला लागलो. हॉस्पिटलचं नाव. पत्ता. माझं नाव, माझी जन्मतारीख. "तारीख वाच," ती म्हणाली. वाचली. "प्रिय मिस्टर हार्डकॅसल, आपल्या छातीच्या स्कॅनमध्ये..." पुढचे शब्द समोर होते, पण तोंडातून येईनात.

"मी आहे," ती म्हणाली. "वाच."

"...दिसलेला डाग हा फार जुन्या, बहुधा बालपणीच्या संसर्गाचा व्रण आहे. पुढील तपासणीची आवश्यकता नाही."

"परत वाच."

मी परत वाचलं. मग तिसऱ्यांदा, कारण नेरिसला ऐकायचं होतं. चौथ्यांदा मी आपणहून वाचलं.

"व्रण," ग्लेनिस म्हणाली. "बालपणीचा."

"सहा वर्षांचा असताना मला न्यूमोनिया झाला होता. आई सांगायची."

"म्हणजे साठेक वर्षं तो डाग तुझ्याजवळ आहे, आणि तू त्याच्यापायी माझ्याशी खोटं बोललास."

"हो."

"निळा सूट का तपकिरी?"

"काय?"

"झोपेत बोलायचास तू. मार्चभर. मला वाटायचं कुणाच्या लग्नाला निघालायस."

मी हसायला गेलो आणि रडायला लागलो. चांगला सदुसष्ट वर्षांचा माणूस, स्वयंपाकघरात, टोस्टच्या चुऱ्यात कोपरं टेकवून. तिनं फोन ठेवला नाही. मागे कुठंतरी चर्चची घंटा वाजत होती आणि नेरिस कुणाला तरी तीन आइस्क्रीम सांगत होती. दोघींना तीन कशाला, ते कळलं नाही.

"तू परत येतेस का लगेच?" नाक पुसत मी विचारलं.

"मुळीच नाही," ग्लेनिस म्हणाली. "उद्या आम्ही वेताच्या टोपलीत बसून डोंगरावरून घसरत खाली येणार आहोत. दोन माणसं मागून दोरीनं आवरतात. नेरिस आत्तापासून किंचाळतेय."

"टोपलीत? डोंगरावरून? अगं, तुझ्या विम्यात बसतं का ते?"

"एडविन," ती म्हणाली, "जा, जरा बाहेर फिरून ये."

मी कोट घातला आणि बाहेर पडलो. वारा नेहमीसारखाच बोचरा होता. क्लबकडे जाऊन सगळ्यांना सांगावं असं मनात आलं, पण पाय भलतीकडेच वळले. बेकरीशेजारच्या ऑफिसात मँडी लॉफ्टहाउस दिवे मालवून निघायच्या बेतात होती. मी पत्र तिच्यापुढे ठेवलं. तिनं चष्मा चढवला, उभ्यानंच वाचलं, आणि टेबलावरचा दिवा पुन्हा लावला.

"कुठं जायचंय?" तिनं विचारलं.

"तिथंच. सप्टेंबरमध्ये. ती म्हणते एवढं सगळं दोन आठवड्यांत बघून होणार नाही."

"बसा," मँडी म्हणाली आणि ड्रॉवरमधून कोरा अर्ज काढला.